अक्कांचा उर्दू दाखला

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि पावसानं पाठ फिरवली होती. गावात कचेऱ्या वाढत होत्या, उस्मानाबादहून फायलींचे ट्रक येत होते, साहेब लोक भाड्यानं घरं शोधत होते, आणि नळाला मात्र पाणी नव्हतं. त्याच धांदलीत आमच्या संस्थेनं खेड्यातल्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. मी संस्थेच्या शाळेत मराठी शिकवायची आणि वसतिगृहातल्याच एका खोलीत राहायची. मूळची मी नांदेडची. आमच्या घरातून नोकरीसाठी परगावी राहणारी मी पहिलीच मुलगी. त्यामुळे लोकांचं माझ्यावर लक्ष असायचं, आणि मलाही लोकांवर लक्ष ठेवायची सवय लागली होती.

वसतिगृहात मेट्रन टिकत नव्हती. टँकर एक दिवसाआड यायचा, तोही कधी भर दुपारी तर कधी दिवेलागणीला. पहिली मेट्रन माहेरी जाऊन येते म्हणून गेली ती परत आलीच नाही. दुसरीनं खोली बघितली, हौद बघितला आणि चहासुद्धा न घेता निघून गेली. अशात एक दिवस देगलूरहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. उंच, अंगानं वाळलेल्या, हिरव्या काठाचं लुगडं, हातात पत्र्याची पेटी. तेलुगू, कानडी, दखनी आणि मराठी सगळं एकत्र बोलायच्या. मुलींनी पहिल्याच दिवशी त्यांना अक्का म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

संस्थेचे सेक्रेटरी पेशानं वकील होते. आधी कुठं काम केलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा अक्कांनी पेटीतून फडक्यात गुंडाळलेला एक कागद काढला. हैदराबादच्या एका बड्या घराण्यात त्यांनी मुली सांभाळण्याचं काम बरीच वर्षं केलं होतं, आणि निघताना त्या घरानं त्यांना चालचलनाचा दाखला दिला होता. दाखला उर्दूत होता. सेक्रेटरींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे दिला. माझे वडील निजामाच्या काळात बिलोलीच्या शाळेत उर्दूतून शिकलेले, नंतर तहसिलीत नक्कलनवीस होते, आणि त्यांनी मला लहानपणीच ती लिपी शिकवली होती. सेक्रेटरींना हे माहीत होतं.

मी तिथंच मोठ्यानं वाचून दाखवलं. चालचलन समाधानकारक होतं, एवढं स्वच्छ लिहिलं होतं. पुढं तीन वाक्यं होती. एक, ‘निगाह की तेज हैं.’ दुसरं, ‘घर की लडकियां इनसे इस कदर मानूस थीं कि घरवालों से ज्यादा इन्हीं की सुनती थीं.’ आणि शेवटचं, ‘राजीनामे के बाद सुबुकदोश की गईं.’

सेक्रेटरींच्या कानाला त्यातला एकच शब्द ओळखीचा लागला. राजीनामा दिला म्हणजे स्वतःहून सोडलं, काढून टाकलेलं नाही, मग हरकत काय, असं ते म्हणाले, आणि मराठी तर्जुमा करून फायलीला लावा म्हणून मला सांगितलं. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. वाचन चाललं असताना त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कागदाकडे नाही. हे मला तेव्हाच खटकलं.

त्यातलं काहीतरी मला बरोबर वाटेना. ‘सुबुकदोश की गईं’ म्हणजे कामावरून दूर केलं, मग ‘राजीनाम्यानंतर काढलं’ हे मराठीत कसं बसायचं? राजीनामा दिला की माणूस स्वतः निघतो, त्याला कुणी काढत नाही. रविवारी मी दाखल्याची नक्कल करून घेतली आणि नांदेडची गाडी धरली.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी चष्मा पुसला, नक्कल उजेडात धरली आणि सावकाश वाचली. ते हसले, पण ते हसू मला आवडलं नाही. राजीनामा हा शब्द मराठीत येता येता उलटा झाला, असं त्यांनी मला समजावलं. उर्दूत तो नोकरी सोडण्याचा कागद नाहीच. दोन बाजू भांडतात, प्रकरण कोर्टात किंवा पंचांपुढं जातं, आणि मग दोघंही राजी होऊन मिटवतात, त्या तडजोडीचा तो कागद. म्हणजे त्या घरात काही भांडण झालं होतं, आणि ते मिटल्यावर बाईला मोकळं केलं होतं. ‘सुबुकदोश’ म्हणजे खांद्यावरचा भार उतरलेला. मानानं निवृत्त झालेल्यालाही तहसिलीत तेच लिहायचे आणि हाकलून दिलेल्यालाही तेच. ‘निगाह की तेज’ म्हणजे मुलींवर चांगली नजर ठेवणारी. किंवा दुसऱ्याच्या घरात नको तितकं बघणारी. आणि ‘मानूस’, म्हणजे लळा लागलेल्या मुली घरच्यांपेक्षा हिचंच ऐकायच्या, हे कौतुक आहे की गाऱ्हाणं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

“लिहिणारा लई हुशार हाय,” दादा म्हणाले. “एक अक्षर खोटं न्हाई, अन् खरं काय ते कळू बी देत न्हाई.”

मग मी काय लिहू, असं मी विचारलं. ते म्हणाले, जिथं दोन अर्थ निघतात तिथं दोन्ही लिही. नक्कलनविसानं निकाल द्यायचा नसतो.

मी तसंच केलं. तर्जुम्यात राजीनामा हा शब्द ठेवलाच नाही, ‘आपसांतील वादाच्या तडजोडीनंतर’ असं लिहिलं, आणि बाकीच्या वाक्यांना दोन-दोन अर्थ दिले. सेक्रेटरींनी वाचलं आणि ते वैतागले.

“बाई, एक काय ते लिहा,” ते म्हणाले. “दोन अर्थ म्हणजे आम्ही दोन मेट्रन ठेवायच्या का?”

पण ते घर का सोडलं, हे त्यांनीही अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, मोठ्या घरची गोष्ट हाय, बाहेर बोलायची न्हाई असं ठरलंय. वकिलाला हे उत्तर पुरत नाही. तरी दुसरी बाई मिळत नव्हती, मुली आठवडाभर खानावळीच्या डब्यावर होत्या, आणि हौदाजवळ रोज भांडणं होत होती. शेवटी तीन महिने बघू, असं ठरलं. बघायचं काम माझ्याकडे आलं.

मी बघत राहिले. अक्कांच्या कामात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. टँकर आला की त्या पदर खोचून हौदावर उभ्या राहायच्या आणि पाणी सगळ्यांना सारखं मिळायचं. पण त्या सारख्या फाटकापाशी बसायच्या. एक कासारीण बांगड्यांची दुरडी घेऊन यायची, तिच्याशी तेलुगूत तासनतास बोलायच्या, आणि मी जवळ गेले की मराठीवर यायच्या. संध्याकाळी मुली त्यांच्याभोवती गोळा व्हायच्या. माझ्या वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बडबडताना मी पाहिली आणि मला दाखल्यातलं वाक्य आठवलं.

सगळ्यात विचित्र म्हणजे त्या मुलींना घरची बारीकसारीक माहिती विचारत. चाकूरकडच्या एका खेड्यातली एक मुलगी होती, दहावीला, अभ्यासात बरी, स्वभावानं गरीब. एकदा मी जिन्यात उभी असताना ऐकलं, अक्का तिला विचारत होत्या, तुमच्या घराचं दार कुठल्या अंगाला हाय, दारात झाड कसलं, चुलते किती, आईला लाडानं काय म्हणतात. मुलगी सगळं सांगत होती. मी नंतर अक्कांना गाठलं आणि हे कशाला विचारता, असं स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, पोरीला न्यायला कुणी आलं तर वळख पटवावी लागते. उत्तर शहाणपणाचं होतं. पण दुसऱ्यांच्या घरची अशी माहिती ज्याच्याकडे असते तो तिचं काहीही करू शकतो, हेही मला दिसत होतं. मी सेक्रेटरींच्या कानावर घातलं. लक्ष असू द्या, एवढंच ते म्हणाले.

थंडी सरत आली होती तेव्हा त्या मुलीचा चुलता आला. पांढरा सदरा, टोपी, खांद्यावर उपरणं. वहिनी लई आजारी हाय, पोरीचं नाव घेऊन राहिली, पोरीला घेऊन जातो, असं तो म्हणाला. वसतिगृहाच्या रजिस्टरात न्यायला येणाऱ्यांत चुलत्याचं नाव होतं, त्यामुळे माझ्या मते प्रश्नच नव्हता. मी मुलीला हाक मारणार, तेवढ्यात अक्का मधे आल्या. आजार कसला, कधीपासून, दवाखान्यात कुणी नेलं, असं एकामागून एक विचारू लागल्या. तो गडबडला. ताप म्हणाला, मग पोटाचं म्हणाला. अक्कांनी सरळ सांगितलं, पोरीला पाठवणार न्हाई, आईचं कुणीतरी बायमाणूस घिऊन या. तो तावातावानं बोलला, सेक्रेटरींकडे जातो म्हणाला आणि गेला.

मला अक्कांचा राग आला. चुलता गांगरला हे मलाही दिसलं होतं. पण खेड्यातला माणूस, एवढे सवाल विचारल्यावर कुणीही गांगरेल. घरच्या माणसाला मुलगी न देण्याचा अधिकार यांना कुणी दिला? मी तसं बोलले. अक्कांनी ऐकून घेतलं आणि फाटकाला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेसाठी खाली उतरले तर अक्का जागेवर नव्हत्या, आणि ती मुलगीही नव्हती. स्वयंपाकीण म्हणाली, चाकूरला जाऊन येते म्हणून पहिल्या गाडीनं दोघी गेल्या, मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय. मला काहीच ठाऊक नव्हतं. चाकूर हे सांगायचं नाव असेल आणि गाडी भलतीचकडची असेल, असंच माझ्या मनात आलं. अक्कांची पेटी खोलीत होती, पण दोन लुगड्यांच्या पेटीसाठी कोण परत येतं? आणि फाटकावर रोज बसणारी कासारीण त्या सकाळी आली नव्हती.

सेक्रेटरी आले ते फाईल मागतच. त्यांनी माझा तर्जुमा पुन्हा वाचला. तडजोड, मुली हिचंच ऐकायच्या, नजर तेज. काल जे दोन अर्थ होते त्यातला एकच आता उरल्यासारखा झाला होता. ते पोलिसांत जायला निघाले. मीच त्यांना थांबवलं. ठाण्यात मुलीचं नाव एकदा लिहिलं गेलं की ती सापडली तरी नाव पुसता येत नाही, आधी गावात जाऊन बघू, असं मी म्हणाले. त्यांना ते पटलं. त्यांनी एका पक्षकाराची जीप मागवली आणि आम्ही निघालो. वाटेत दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळलेली होती.

मुलीच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, पोरीची आई कामावर हाय, बंडिंगच्या. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. आजारी बाई दुष्काळी कामावर माती वाहत होती.

बंडिंगची, म्हणजे बांध घालायच्या कामाची जागा गावाबाहेर माळावर होती. उन्हात बायका पाट्या घेऊन ओळीनं चालत होत्या. एका बाभळीखाली अक्का बसल्या होत्या, शेजारी ती मुलगी, आणि समोर पाटी पालथी घालून तिची आई. बाई धडधाकट होती. मला हायसं वाटलं. मग सेक्रेटरींनी वकिली आवाजात विचारलं, तुमच्या दिरानं खोटं सांगून मुलगी न्यायचा प्रयत्न केला, हे तुम्हाला माहीत आहे का?

आईनं मान खाली घातली नाही.

“मीच धाडलं त्याला,” ती म्हणाली. “आजारी हाय म्हणून सांग, असं मीच म्हणलं. लगीन ठरवायचंय म्हणलं असतं तर सोडलं असतं का तुम्ही?”

हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी अक्कांवर संशय घेत होते, अक्का चुलत्यावर, आणि आईचा विचार कुणीच केला नव्हता. स्थळ चांगलं होतं, तिनं सांगितलं. मुलीचा बाप उसाच्या टोळीबरोबर गेलेला, तो येईपर्यंत ती माणसं थांबणार नव्हती. मुलगा जरा वयानं मोठा. पण त्यांच्या रानात विहीर होती.

“त्या घरच्या हिरीला पाणी हाय, बाई,” आई माझ्याकडे बघून म्हणाली. “माझ्या लेकीला घागर घिऊन कोसभर हिंडावं लागणार न्हाई. त्यात माझं काय चुकलं?”

चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटेना. अक्का सकाळपासून तिथं होत्या. त्यांनी आईला लग्न करू नको असं सांगितलं नव्हतं. काकाच्या तोंडचं मला चालत न्हाई, तुमच्या तोंडून ऐकायला आले, एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि आता पोरीला विचारा म्हणत होत्या. मुलगी जमीन उकरत होती. मग म्हणाली, आई, मला परीक्षा तर देऊ दे. लग्नाला ती नाही म्हणाली नाही. आईनं पदरानं तोंड पुसलं, मुकादम ओरडत होता म्हणून पाटी उचलली आणि जाता जाता म्हणाली, दे बाई परीक्षा.

जीपचं चाक पंक्चर निघालं आणि सेक्रेटरी ड्रायव्हरबरोबर फाट्याकडे गेले. मुलगी आईबरोबर पाट्या वाहायला गेली होती. बाभळीखाली मी आणि अक्का दोघीच उरलो. मी विचारणार होते, त्याआधी त्यांनीच विचारलं.

“त्या कागदात काय लिवलंय, बाई?”

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. अक्कांना उर्दू बोलता यायची, वाचता कुठलीच भाषा येत नव्हती. मी कचेरीत वाचून दाखवलं तेव्हा घाईत वाचलं होतं, आणि दरबारी शब्द त्यांना धड कळले नव्हते. इतकी वर्षं तो कागद त्या नुसता जपत होत्या. आता मी एकेक वाक्य सोप्या बोलीत सांगितलं, दोन्ही अर्थांसह. मुली घरच्यांपेक्षा तुमचंच ऐकायच्या, हे त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. त्यांचे डोळे भरले. मग मी राजीनाम्यापाशी आले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ते लिवायचं न्हाई असं ठरलं होतं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्या घरातल्या धाकट्या मुलीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरलं होतं. तिचा निरोप अक्कांनी तिच्या मामाकडे पोचवला आणि मामा येऊन तिला घेऊन गेला. घरच्यांनी अक्कांवर सोन्याची बांगडी चोरल्याची फिर्याद केली. पुढं मामाचं आणि घरच्यांचं जुळलं, फिर्याद मागं घेतली, आणि बाहेर काही बोलायचं नाही या अटीवर अक्कांना चांगला दाखला द्यायचं ठरलं. अक्कांनी आपली बाजू पाळली होती.

आणि बांगडी, असं मी विचारलं. बांगडी त्या पोरीच्याच हातात होती, त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या. खरं असेल. मला तेव्हा खरं वाटलं, आणि तरीही आजवर पूर्ण खात्री झालेली नाही. ताडून बघायला माझ्यापाशी काही नव्हतं.

कमिटीपुढं सेक्रेटरी अक्कांना काढा असंच म्हणाले. हेतू काहीही असो, न सांगता मुलीला बाहेर नेलं. मी म्हणाले, सांगून गेल्या असत्या तर आपण जाऊ दिलं नसतं, आणि मुलगी चुलत्याबरोबर गेली असती. दोन्ही खरं होतं. अखेर अक्कांना ताकीद मिळाली आणि त्या राहिल्या.

ते स्थळ थांबलं नाही. विहिरीवाल्यांनी पुढच्याच महिन्यात दुसरी मुलगी केली. आई वसतिगृहात आली तेव्हा तिनं ते अक्कांना सगळ्यांदेखत ऐकवलं, आणि अक्कांनी दिलेलं पाणीही घेतलं नाही. मुलगी पास झाली. नर्सिंगला नांदेडला गेली, नोकरीला लागली, लग्न आपल्या मर्जीनं केलं. आईचा राग कधी गेला ते मला माहीत नाही. पुढं ती लेकीच्या नोकरीच्या गावी तिच्याकडेच राहायला गेली, एवढं कळलं.

अक्का पुढं दोन पावसाळे राहिल्या. त्यांची बहीण अंथरुणाला खिळली तेव्हा त्या देगलूरला परत गेल्या. त्या गेल्या त्याच दिवशी सेक्रेटरींनी कोठीची मोजदाद करायला सांगितली. सगळं जागेवर निघालं, उलट एक पितळी तांब्या जास्त निघाला. तो अक्कांचा होता. मी तो देगलूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला. आठवड्यानं तोच कंडक्टर तांब्या परत घेऊन आला. अक्कांचा निरोप होता, तांब्या माझाच हाय, पण तिथंच राहू द्या, पाहुण्याला पाणी द्यायला तुमच्याकडं एक धड भांडं न्हाई.